स्वावलंबन आणि स्वाधीनता : अपंग हक्क कायद्यातील कलम ५ चे परीक्षण

अपंगांच्या प्रश्नाची चर्चा करताना आपल्याकडे 'स्वावलंबन' हा शब्द इतक्या सहजतेने योजला जातो, की त्याचा अर्थ तपासून पाहण्याची आवश्यकता कोणास भासत नाही. अपंगांच्या ओळखपत्रासाठी केंद्र शासनाने उभारलेल्या संकेतस्थळाचे नावही 'स्वावलंबन' असेच आहे. दुसऱ्याचा आधार न घेता आपले आपण करावे, हा या शब्दाचा रूढ अर्थ होय. परंतु १९७२ साली अमेरिकेतील बर्कली येथे एड रॉबर्ट्स व त्यांचे सहकारी यांनी ज्या चळवळीस संस्थेचे रूप दिले, तिचा आधार निराळा होता. पोलिओमुळे रॉबर्ट्स यांचे हातपाय जवळजवळ निकामी झाले होते. नित्याची कामे ते मदतनीसाकडून करवून घेत. मात्र मदतनीस कोण असावा आणि त्याने केव्हा, कसे साहाय्य करावे, हे ठरविण्याचा अधिकार ते आपल्याकडे ठेवीत. या स्थितीस 'स्वाधीनता' म्हणणे अधिक युक्त होईल. स्वावलंबनात साहाय्य घेणे हे उणेपण ठरते; स्वाधीनतेत साहाय्य हेच साधन ठरते. हा भेद केवळ शब्दांचा नाही. कोणता अर्थ स्वीकारावा यावर शासनाचे कर्तव्य कोठे सुरू होते हे अवलंबून आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारातील अनुच्छेद १९ ने हा दुसरा अर्थ स्वीकारला. भारताने तो करार १ ऑक्टोबर २००७ रोजी अनुसमर्थित केला आणि त्यास अनुसरून २०१६ चा कायदा केला. तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. या कायद्याच्या कलम ५ चे दोन भाग पडतात. पहिल्यात अपंग व्यक्तीस समाजात राहण्याचा हक्क आहे, असे निःसंदिग्ध विधान आहे. दुसऱ्यात, विशिष्ट निवासव्यवस्थेतच राहण्याची सक्ती तिच्यावर होऊ नये आणि वैयक्तिक मदतनीसासह घरपोच सेवा तिला मिळाव्यात, यासाठी शासन 'प्रयत्न करील' एवढेच म्हटले आहे. कलम २४ मध्ये अधिक साहाय्याची गरज असणाऱ्यांसाठी मदतनीस-भत्त्याचा उल्लेख आहे; तोही शासनाच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत. पहिल्या वाक्याने दिलेला हक्क दुसऱ्या वाक्यातील क्रियापदाने असा सैल केला आहे.

हा शैथिल्याचा परिणाम जेथे प्रत्यक्ष भोगावा लागतो, ते ठिकाण बहुधा खेड्यात असते. २०११ च्या जनगणनेनुसार भारतातील अपंगांपैकी सुमारे ६९ टक्के लोक ग्रामीण भागात राहत होते. यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्वेकडील, वणीच्या शेजारचा मारेगाव हा कापसाचा तालुका उदाहरणादाखल घेऊ. शासनाने २०२५ मध्ये संजय गांधी निराधार योजनेतील अपंगांचे मासिक साहाय्य १,५०० वरून २,५०० रुपये केले. ही वाढ स्वागतार्हच आहे. परंतु २०२५-२६ साठी महाराष्ट्रातील रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्या मापाने संपूर्ण मासिक साहाय्यातून मदतनीसाची आठ दिवसांची मजुरी तेवढी निघते, आणि अपंग व्यक्तीच्या अन्नवस्त्रास काही उरत नाही. उरलेल्या बावीस दिवसांचे काम आई, पत्नी वा बहीण यांच्याकडे जाते. ज्या घरात स्त्रीच्या मजुरीवर चूल पेटते, तेथे एका व्यक्तीचे परावलंबन दोघांचे होते.

मारेगावहून वर्धा नदी ओलांडून गेले की वरोरा लागते. तेथील आनंदवनाचा विचार या संदर्भात टाळता येत नाही. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली, तेव्हा कुष्ठरोग्यास गावात थारा नव्हता. दानाऐवजी श्रमाची प्रतिष्ठा त्याच्या हाती देणारी वसाहत हीच त्या काळी त्यास लाभू शकणारी मोठी मुक्ती होती, आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो तिचा आदर्श म्हणून होणाऱ्या वापरावर. गावाने नाकारलेल्यांसाठी जी वसाहत वसली, तिचा गौरव करीत गाव स्वतः मात्र तसेच राहिले. कलम ५ ची खरी मागणी गावाकडे आहे, आणि आनंदवनाकडे बोट दाखवून ती पुरी होत नाही. शिवाय आनंदवनाचा पाया स्वावलंबनाचा आहे. ज्यास कोणतेच उत्पादक श्रम करता येत नाहीत, त्याचा हक्क कशावर उभा करावयाचा, या प्रश्नाचे उत्तर श्रमप्रतिष्ठेच्या तत्त्वज्ञानात सापडत नाही.

यावर असे म्हटले जाईल की, आपल्या समाजात कुटुंब हीच आधारव्यवस्था आहे आणि पाश्चात्त्य व्यक्तिवाद येथे रुजणार नाही. हा आक्षेप वजनदार असला तरी तो कलमाच्या विरुद्ध जात नाही. मदतनीस मिळाला म्हणून कुटुंब तुटत नाही. प्रेमाचे नाते सक्तीच्या चाकरीतून सुटते. दुसरा आक्षेप पैशाचा. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या निधीचा पाच टक्के भाग अपंगांसाठी खर्चावा, असा महाराष्ट्रात नियम आहे. लहान नगरपंचायतीच्या हाती येणारी ही रक्कम थोडी असेल. पण ती वस्तुवाटपात घालावी की तालुक्यातील काही मदतनीसांच्या वेतनाचा आरंभ तिने करावा, हा निवडीचा प्रश्न आहे.

कायद्याच्या भाषेतील शैथिल्य अटळ नसते, हेही दिसून आले आहे. राजीव रातुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या नियमांतील नियम १५ रद्दबातल ठरविला. कायद्याने बंधनकारक केलेली सुगम्यता त्या नियमाने शिफारशीच्या पातळीवर आणली होती. कलम ५ ची स्थिती याहून अवघड आहे, कारण येथे शैथिल्य नियमात नसून कायद्याच्याच शब्दांत आहे. ते दूर करणे न्यायालयापेक्षा विधिमंडळाचे, म्हणजे अखेर राजकारणाचे काम आहे. महाराष्ट्राने २०२२ साली अपंगांसाठी स्वतंत्र विभाग स्थापिला; त्याच्या नावात 'कल्याण' हा शब्द आहे. कल्याण करणारा किती द्यावयाचे ते स्वतः ठरवितो. हक्क मागणारा मात्र हिशेब विचारू शकतो. मारेगावातील अपंग मतदाराने आपल्या प्रतिनिधीस मदतनीसाचा हिशेब विचारावा आणि त्यास तो द्यावा लागावा, एवढे घडले तरी 'प्रयत्न करील' या क्रियापदाचा अर्थ पालटू लागेल.