लिनक्सवरचा हौशी रेडिओ : ऐकायचे किती, शिकायचे किती?

ट्रान्झिस्टरचे मागचे झाकण काढून आत डोकावणे हा एके काळी शाळकरी मुलांचा आवडता उद्योग होता. गँग कंडेन्सर फिरवला की पाती एकमेकांत सरकतात आणि स्टेशन बदलते, हे डोळ्यांना दिसत असे. आजचा रेडिओ उघडला तर एक काळी चिप दिसते आणि कुतूहल तिथेच थांबते. बोटाएवढा एक डोंगल आणि जुना संगणक मिळाला तर हा बंद झालेला रेडिओ पुन्हा उघडून पाहता येतो, असा सॉफ्टवेअर रेडिओच्या चाहत्यांचा दावा आहे.

शिक्षकाच्या दृष्टीने हा दावा कितपत खरा आहे? ते तपासण्यासाठी ठाकुर्लीला रेल्वेमार्गाजवळच्या माझ्या घरी, लिनक्स घातलेल्या एका जुन्या संगणकावर मी तीन प्रोग्रॅम काही महिने वापरले : जीक्यूआरएक्स, डब्ल्यूएसजेटी-एक्स आणि ग्नू रेडिओ. तिन्ही विनामूल्य आहेत आणि तिघांचीही मूळ आज्ञावली कोणालाही वाचता येते.

आधी तत्त्व थोडक्यात पाहू. हा डोंगल मुळात संगणकावर दूरचित्रवाणी पाहण्यासाठी तयार झाला. त्यातली चिप रेडिओलहरींचे कच्चे नमुने थेट संगणकाला देऊ शकते, हे २०१२ साली हौशी मंडळींमध्ये पसरले आणि स्वस्त रेडिओचा एक नवा मार्ग खुला झाला. प्रत्येक नमुन्यात दोन संख्या असतात आणि प्रत्येक संख्या ८ बिटची असते. सेकंदाला २४ लाख नमुने घेतले तर ४८ लाख बाइट होतात, म्हणजे मिनिटाला सुमारे २९ कोटी. हवे ते स्टेशन नेमके वेगळे काढणे, त्यातून आवाज सोडवणे ही कामे पूर्वी कॉइल, कंडेन्सर आणि डायोड करीत. आता ती या संख्यांवरची गणिते झाली आहेत. वर्गात हा हिशोब फळ्यावर जरूर करावा.

पहिला प्रोग्रॅम जीक्यूआरएक्स. नवख्या माणसाला अर्ध्या तासात एफएमचा आवाज ऐकवणारा हा प्रोग्रॅम आहे. पडद्यावर वर वर्णपटाचा आलेख आणि खाली ‘धबधबा’ दिसतो. धबधब्यात आडवी वारंवारता, उभा काळ आणि रंगातून सिग्नलची ताकद. माझ्याकडे लोकल जाताना पेंटोग्राफची ठिणगी पडली की या धबधब्यावर कडेपासून कडेपर्यंत एक आडवी रेघ उमटते. एलईडी दिवा किंवा मोबाइलचा चार्जर लावला की सारख्या अंतरावर उभ्या रेघा दिसतात. ठिणगीत क्षणभर सर्व वारंवारता असतात, तर चार्जरमध्ये ठरावीक आणि सतत. फूरिए विश्लेषणाचा याहून चांगला पहिला धडा मला ठाऊक नाही. मुलांना घरातली बटणे एकेक बंद करायला सांगावे आणि कोणती रेघ नाहीशी झाली ते नोंदवायला सांगावे.

परंतु इथेच पहिली तक्रारही आहे. जीक्यूआरएक्स जो आकडा दाखवतो तो सिग्नलची खरी ताकद सांगत नाही. उपकरणाच्या कमाल क्षमतेच्या तो किती खाली आहे, एवढेच त्यातून कळते. गेन वाढवला की आकडा वाढतो, बाहेर काहीही बदललेले नसताना. ८ बिटचा आवाका जेमतेम ५० डेसिबलचा. जवळचे स्टेशन जोरदार असेल तर डोंगल गुदमरतो आणि जिथे काहीच नाही तिथे खोटी स्टेशने दिसू लागतात. प्रोग्रॅम ती खऱ्यांच्याच डौलात दाखवतो. ओळखायची युक्ती सोपी आहे. गेन थोडा कमी करावा. खरे स्टेशन तेवढेच उतरते, खोटे त्याहून किती तरी वेगाने नाहीसे होते. ही युक्ती न सांगता मुलांपुढे धबधबा ठेवला तर आपण त्यांना रंगीत चित्रावर विश्वास ठेवायला शिकवू, मोजमाप नव्हे.

दुसरा प्रोग्रॅम डब्ल्यूएसजेटी-एक्स. याचे जनक जो टेलर. रसेल हल्स यांच्याबरोबर १९७४ साली त्यांनी जोड-पल्सार शोधला आणि त्यासाठी दोघांना १९९३ चे भौतिकीचे नोबेल मिळाले. गोंगाटात बुडालेला सिग्नल वर काढण्याची जी विद्या पल्सारसाठी लागते, तिच्याच जातीची विद्या त्यांनी हौशी रेडिओत आणली. २०१७ साली स्टीव्ह फ्रँक यांच्याबरोबर त्यांनी एफटी-८ ही पद्धत दिली. १५ सेकंदांची पाळी, ६.२५ हर्ट्झ अंतरावरचे आठ सूर आणि जेमतेम ५० हर्ट्झची रुंदी. कानाला नुसती खरखर ऐकू येत असताना पडद्यावर परदेशातील केंद्राची खूण उमटते. मात्र संगणकाचे घड्याळ सेकंदाच्या आत बरोबर हवे, आणि डोंगल लघुलहरी ऐकू शकणाऱ्या प्रकारचा हवा. साधा डोंगल २४ मेगाहर्ट्झच्या खाली उतरत नाही.

या प्रोग्रॅमवर जुन्या हौशी मंडळींचा आक्षेप असा की यात माणूस माणसाशी बोलतच नाही, संगणक संगणकाला पावती देतो. आक्षेप खरा आहे. शिक्षकाचा आक्षेप वेगळा : सारी किमया बंद पेटीत घडते आणि विद्यार्थी फक्त यादी वाचतो. तरीही ही यादी मोलाची आहे. महिनाभर रोज सकाळी, दुपारी आणि रात्री कोणते देश दिसले ते लिहून काढले तर आयनांबर दिवसरात्र कसे बदलते ते मुलांच्या स्वतःच्या वहीत दिसते. त्यासाठी ऐकणे पुरेसे आहे. प्रक्षेपण करायचे तर परीक्षा देऊन सरकारी परवाना घ्यावाच लागतो, आणि हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगावे.

तिसरा ग्नू रेडिओ. एरिक ब्लॉसम यांनी २००१ साली सुरू केलेला हा प्रकल्प म्हणजे तयार रेडिओ नव्हे, रेडिओचे सुटे भाग आहेत. पडद्यावर ठोकळे मांडायचे आणि रेघांनी जोडायचे. गाळणीची रुंदी अर्धी केली की आवाज कसा बिघडतो, हे लगेच ऐकू येते. जुन्या ट्रान्झिस्टरच्या झाकणाआड जे दिसत असे, ते मला इथे पुन्हा भेटले. पण वाट खडतर आहे. संमिश्र संख्या कोणतीही ओळख न देता समोर येतात. चुकीचा संदेश आला तर त्यातून चूक समजत नाही. २०१९ च्या ३.८ आवृत्तीत फायलींचा साचाच बदलला, त्यामुळे त्याआधीचे पुष्कळ धडे जसेच्या तसे चालत नाहीत.

लिनक्सलाही थोडे बोल लावले पाहिजेत. डोंगल जोडताच लिनक्स त्याला दूरचित्रवाणीचे यंत्र समजून स्वतःचा ड्रायव्हर चढवते आणि रेडिओचा प्रोग्रॅम ‘उपकरण व्यस्त आहे’ म्हणून हात वर करतो. तो ड्रायव्हर बंद करायला एका ओळीची फाइल पुरते, पण ती ओळ ठाऊक नसल्याने अनेकांचा पहिलाच दिवस वाया जातो. शिवाय जुन्या पाककृतींवर विसंबू नये. नोआ उपग्रहांची हवामानचित्रे घेण्याचा प्रयोग वर्षानुवर्षे सर्वत्र सुचवला जाई. ते उपग्रह २०२५ साली बंद करण्यात आले.

एवढा खटाटोप करून हाती खेळणेच येते का? तसे वाटत असेल तर ठाकुर्लीहून नजर थोडी नारायणगावकडे वळवावी. तिथल्या खोडदची जीएमआरटी दुर्बीण म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. पुण्याच्या एनसीआरएतील शास्त्रज्ञांनी या दुर्बिणीसाठी बाजारात मिळणारे सुटे भाग आणि लिनक्सवर चालणारे ४८ संगणक जोडून सॉफ्टवेअरचा ग्राहक उभारला. त्याचे वर्णन २०१० साली प्रसिद्ध झाले. माणसाने केलेला रेडिओ-गोंगाट ओळखून वगळण्याच्या पद्धती त्यात घालता येतात, हा त्याचा एक मोठा फायदा. म्हणजे माझ्या खिडकीखालच्या लोकलची आडवी रेघ आणि खोडदच्या शास्त्रज्ञाची डोकेदुखी एकाच कुळातली. प्रमाण वेगळे, विचार तोच.

निष्कर्ष असा. जीक्यूआरएक्सने सुरुवात करावी, पण गेनची नोंद केल्याशिवाय एकही आकडा वहीत घेऊ नये. डब्ल्यूएसजेटी-एक्स दीर्घ निरीक्षणासाठी ठेवावा. आणि वर्षाकाठी निदान एक एफएम रेडिओ मुलांनी ग्नू रेडिओत स्वतःच्या हाताने जोडावा, चुकवावा आणि दुरुस्त करावा. किती दूरचे ऐकू आले यावर शाळेतल्या रेडिओचे यश मोजू नये. आवाज बंद पडल्यावर ‘बिघाड कोणत्या ठोकळ्यात असेल?’ असे मुलाने विचारले, तर तो प्रयोग सफल झाला असे समजावे.