युरोपीय सत्तास्पर्धा आणि अडगावची लढाई (१८०३) : प्रचलित कारणमीमांसेची चिकित्सा

प्रस्तावना :

युरोपीय राष्ट्रांच्या परस्परस्पर्धेतून महायुद्ध कसे उद्भवले, हा प्रश्न महाविद्यालयीन अभ्यासक्रमात प्रामुख्याने १९१४ च्या संदर्भात शिकविला जातो. गुप्त करार, शस्त्रस्पर्धा, वसाहतींची हाव ही कारणे विद्यार्थ्यांना मुखोद्गत असतात. तथापि याच स्पर्धेचा संदर्भ असलेले एक युद्ध त्यापूर्वी १११ वर्षे वऱ्हाडच्या काळ्या मातीत लढले गेले, याची जाणीव त्याच वर्गात क्वचितच करून दिली जाते. बुलढाणा जिल्ह्यातील सोनाळा येथून सातपुड्याच्या पायथ्याने पूर्वेस अकोटच्या वाटेला लागल्यास हिवरखेडनंतर अडगाव लागते. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी या परिसरात आर्थर वेलस्लीच्या सैन्याने नागपूरकर भोसले व दौलतराव शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. इंग्रजी ग्रंथांतील 'अर्गाव' ते हेच. या युद्धाची जी कारणमीमांसा रूढ आहे, तिची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

दोन प्रश्नांची सरमिसळ :

दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाविषयी दोन स्पष्टीकरणे प्रचलित आहेत. पहिले गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्लीचे. त्याच्या मते शिंद्यांच्या पदरी असलेल्या पेराँ या फ्रेंच सेनापतीने यमुनेच्या काठी जणू एक फ्रेंच राज्यच उभे केले होते आणि ते नष्ट करणे ब्रिटिशांच्या सुरक्षिततेसाठी अपरिहार्य होते. १८०३ च्या पावसाळ्यात सेनापती लेक याला दिलेल्या आदेशांत हा हेतू अग्रभागी आहे. दुसरे स्पष्टीकरण मराठी इतिहासलेखनाचे. न. चिं. केळकरांच्या 'मराठे व इंग्रज' (१९१८) या ग्रंथापासून या लेखनाचा भर मराठ्यांच्या अंतर्गत दुहीवर राहिला आहे. विठोजी होळकराचा १८०१ मध्ये पुण्यात झालेला वध, त्याचा सूड म्हणून यशवंतरावाची स्वारी, २५ ऑक्टोबर १८०२ ची हडपसरची लढाई, बाजीरावाचे पलायन आणि ३१ डिसेंबर १८०२ चा वसईचा तह, अशी ही साखळी आहे.

साखळीतील प्रत्येक दुवा खरा आहे. परंतु युद्ध का झाले आणि युद्धात पराभव का झाला, हे दोन भिन्न प्रश्न येथे एकत्र झालेले दिसतात. दुहीमुळे मराठे हरले, हे मान्य केले तरी दुहीमुळेच इंग्रजांनी युद्ध पुकारले, असे त्यातून सिद्ध होत नाही. मराठ्यांत भाऊबंदकी तर त्यापूर्वीही होती. पराभवाच्या प्रश्नालाही दुही हे पुरेसे उत्तर नाही. रँडॉल्फ कूपर यांनी २००३ मध्ये प्रकाशित झालेल्या अभ्यासात मराठा तोफखाना व कवायती पायदळ यांचा दर्जा कमी नव्हता, हे दाखवून पैसा, पत आणि भाडोत्री लष्करी मनुष्यबळावरील नियंत्रण यांना निर्णायक महत्त्व दिले आहे. मराठीतील पाठ्यपुस्तकांनी या मांडणीची पुरेशी दखल घेतलेली दिसत नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

कालक्रमाची साक्ष :

वेलस्लीचे स्पष्टीकरण कालक्रमाच्या कसोटीवर घासून पाहणे उद्बोधक ठरते. इंग्लंड व फ्रान्स यांच्यात २७ मार्च १८०२ रोजी आमिआँचा तह झाला आणि १८ मे १८०३ रोजी युद्ध पुन्हा सुरू झाले. म्हणजे वसईच्या तहावर सही झाली तेव्हा युरोपात शांतता होती. आर्थर वेलस्ली मार्च १८०३ मध्ये हरिहरहून निघाला, २० एप्रिलला पुण्यात पोहोचला आणि १३ मे रोजी बाजीराव पुन्हा गादीवर बसला. ही सर्व पावले युरोपातील युद्ध पेटण्यापूर्वीची आहेत. अखेरची घटना तर अवघ्या पाच दिवसांनी आधीची आहे. युरोपातील युद्धाने हे युद्ध ओढवले, हे विधान त्यामुळे टिकत नाही.

मग फ्रेंचांचे भय निव्वळ बनाव होते काय? तसेही नाही. १७९८ मध्ये नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला होता. त्याच वर्षी मॉरिशसच्या फ्रेंच गव्हर्नरने टिपूसाठी सैनिक मिळवण्याचा जाहीरनामा काढला होता. जुलै १८०३ मध्ये जनरल दकाँचे जहाज पाँडिचेरीसमोर येऊन मॉरिशसकडे परतले. स्पर्धा खरी होती, पण तिचा शत्रू दिल्लीत किंवा वऱ्हाडात सापडत नव्हता. पेराँने अलीगढ पडताच सप्टेंबर १८०३ मध्ये इंग्रजांचाच आश्रय घेतला. असईच्या लढाईत (२३ सप्टेंबर) शिंद्यांच्या कवायती पलटणींचे नेतृत्व करणारा पोहलमन हा हॅनोव्हरचा होता आणि हॅनोव्हरचा अधिपती स्वतः इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज होता! ज्या सैन्याला 'फ्रेंच' ठरविले गेले, त्याचे हे वास्तव होते.

अडगावच्या रणांगणात तर एकही नामवंत फ्रेंच सेनानी नव्हता. असईत कवायती पलटणींचा कणा मोडला होता, २१ ऑक्टोबरला असीरगडही पडला होता. उरले होते मुख्यतः भोसल्यांचे पायदळ आणि शिंद्यांचे घोडदळ. तरीही लढाईच्या आरंभी मराठ्यांच्या तोफांपुढे कंपनीच्या तीन पलटणी पांगल्या. असईत याच पलटणी निर्धाराने लढल्या होत्या. वेलस्लीला त्या स्वतः सावराव्या लागल्या. अखेर मराठ्यांच्या ३८ तोफा गेल्या आणि चांदण्यात पाठलाग झाला. फ्रेंच अधिकाऱ्यांविना मराठे लढूच शकत नव्हते, या समजुतीला हा प्रसंग छेद देतो.

तहाच्या कलमांत दडलेली स्पर्धा :

युरोपीय स्पर्धेचे खरे स्थान रणांगणापेक्षा लंडनच्या परवानगीत आणि तहाच्या कलमांत शोधावे लागते. विस्ताराला लंडनमधील संचालकांचा विरोध असे. फ्रेंच भय हे त्यावरचे हुकमी उत्तर होते. तरीही १८०४ मध्ये नियंत्रण मंडळाचा अध्यक्ष कॅसलरे याने वसईच्या तहाने कंपनी मराठ्यांच्या अंतहीन भांडणांत गुंतेल, अशी टीका केलीच. इकडे १५ डिसेंबरला गाविलगड पडल्यावर १७ डिसेंबर १८०३ रोजी भोसल्यांशी देवगावचा आणि ३० डिसेंबरला शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा तह झाला. दोन्हींत ब्रिटिशांशी युद्ध चालू असलेल्या कोणत्याही युरोपीय वा अमेरिकी सत्तेच्या प्रजाजनास नोकरीस ठेवू नये, असे कलम आहे. युरोपातील वैर अशा रीतीने वऱ्हाडच्या सीमेवर कायदा म्हणून आले आणि ज्या सैनिकी कौशल्यावर मराठे इंग्रजांशी बरोबरी करीत होते, त्याचा बाजारच त्यांना बंद झाला.

वऱ्हाडच्या प्रजेला याची किंमत वेगळ्या रीतीने मोजावी लागली. १८०३-०४ च्या दुष्काळात दख्खन होरपळत असतानाच वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख भोसल्यांकडून जाऊन कंपनीमार्फत निजामाला मिळाला. नरनाळा व गाविलगड हे किल्ले आणि लगतचा चार लाखांचा मुलूख तेवढा भोसल्यांकडे राहिला. सीताबर्डीच्या लढाईनंतर (नोव्हेंबर १८१७) तोही गेला. पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनचा अंत झाला तरी निजामावर लादलेल्या लष्कराचा भार हलका झाला नाही. युद्धकाळी द्यावयाच्या निजामाच्या तुकड्यांतून हैदराबाद कंटिंजंट उभी राहिली, तिच्या खर्चापोटी कर्ज चढत गेले आणि २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड कंपनीच्या व्यवस्थेत गेला. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने तो वार्षिक २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेतला.