ख्रिस्त वगळून वाचलेली ‘स्मृतिचित्रे’

लक्ष्मीबाई टिळक न आवडणारा मराठी वाचक शोधूनही सापडणार नाही. सोवळ्याओवळ्याचे घोळ, तापट आणि लहरी टिळक, हातात पैसा न टिकणारा संसार आणि या सगळ्याकडे हसून बघणारी बाई. आपल्याला एवढं पुरतं. नारायण वामन टिळकांचंही तेच झालं. ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून आपण त्यांना पाठ्यपुस्तकात बसवलं आणि मोकळे झालो. दोघांच्या आयुष्याच्या मधोमध उभा असलेला ख्रिस्त मात्र अलगद उचलून बाजूला ठेवला.

मी ख्रिस्ती नाही. मी मोहर्लीचा, ताडोबाच्या गेटजवळच्या गावातला. पुण्यातल्या कंपनीचं काम सध्या घरून करतो, नेटवर्क असेल तेव्हा. मग मला या वगळण्याचं काय पडलंय? इंजिनिअरिंगला असताना माझा रूममेट नगर जिल्ह्यातला ख्रिस्ती मुलगा होता. चार वर्षं दर रविवारी सकाळी तो ‘जरा बाहेर जाऊन येतो’ एवढंच म्हणायचा. ‘चर्च’ म्हटलं की दोन प्रश्न ठरलेले असायचे: तुम्ही कधी कन्व्हर्ट झालात आणि किती पैसे मिळाले? त्याची मराठी माझ्याहून चांगली होती. पण स्वतःच्या श्रद्धेबद्दल बोलायला त्याच्याकडे या भाषेत जागाच नव्हती.

जागा नव्हती असं तरी कसं म्हणायचं? ती शंभर वर्षांपूर्वीच तयार झाली होती. आपण तिथे जात नाही, एवढंच.

‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. त्यातली मुख्य घटना साधी आणि भयंकर आहे. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका अनोळखी सहप्रवाशाने टिळकांना नवा करार वाचायला दिला. ते १८९३ साल. १० फेब्रुवारी १८९५ ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तोही बायकोला विश्वासात न घेता. लक्ष्मीबाईंचं जगच कोसळलं. त्या काळात त्या वेड लागायच्या बेतात आल्या होत्या. पुढची साडेचार-पाच वर्षं नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे.

माझ्या मते इथेच हे पुस्तक श्रद्धेबद्दल सर्वांत महत्त्वाचं काही सांगून जातं. टिळकांनी जगासमोर आपला विश्वास उघडपणे मांडला. त्यासाठी नातेवाईक सोडले, प्रतिष्ठा सोडली. धैर्य होतं, खरेपणाही होता. पण ज्या माणसाला त्याची झळ सर्वांत जास्त बसणार होती, तिलाच आधी सांगितलं नाही. खरं बोलणं आणि प्रेमाने बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या प्रकरणाइतकं स्पष्ट मला दुसरीकडे कुठे दिसलं नाही. आणि लक्ष्मीबाई ते नवऱ्यावर फिर्याद न करता लिहितात, म्हणून ते जास्त लागतं.

उत्तरार्ध याच्या उलट आहे. दोघं पुन्हा एकत्र राहू लागली तेव्हा लक्ष्मीबाई हिंदूच होत्या. त्यांचं स्वयंपाकपाणी वेगळं, सोवळं कडक. टिळकांनी ते चालू दिलं. ज्याला गावोगाव जाऊन ख्रिस्ताबद्दल बोलायचं होतं, त्याने घरात सक्ती केली नाही. पुढे राहुरीत लक्ष्मीबाईंनी स्वतःच विचार केला, की जात देवाने केली की माणसांनी? आणि कुणाच्याही हातचं खायचं ठरवलं. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धर्मतत्त्वांची चर्चा पुस्तकात फारशी नाही. बदल कळतो तो पाण्याच्या घोटातून आणि जेवणाच्या पंगतीतून.

बाबा पदमनजींचं ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र त्याआधीचं. तेही धर्मांतराचंच. पण तिथे युक्तिवाद पुढे आणि माणूस मागे. असं पुस्तक वाचताना आपण आपोआप वकिली करायला लागतो. लक्ष्मीबाई आपल्याला वादाला बसवत नाहीत, घरात घेतात. त्यांच्या श्रद्धेशी सहमत न होताही मला ती समजते, कारण तिच्या आधीचा राग आणि भीतीही त्यांनी लपवलेली नाही.

उणीव नाही असं नाही. आतल्या बदलाबद्दल त्या फार थोडं बोलतात. प्रार्थना करताना काय वाटलं, शंका उरल्या का, हे विचारावंसं वाटतं तोवर त्या पुढच्या गमतीकडे वळलेल्या असतात. विनोदाने पुस्तक वाचवलं, पण त्याच विनोदामुळे आपल्याला ख्रिस्त वगळण्याची सोयही झाली.

आज ही सोय महाग पडते. घटनेच्या कलम २५ मध्ये धर्माच्या प्रचाराचं स्वातंत्र्य आहे. रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की आपल्या धर्माची तत्त्वं मांडण्याचा हक्क त्यात येतो, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा नाही. कायद्याने रेघ आखली. पण रेघेच्या अलीकडे बसून निवांत बोलणाऱ्यालाही आपण पलीकडचाच समजतो. २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा विरोध झाला तो त्यांच्या मराठीला नव्हता. ते धर्मगुरू होते म्हणून होता.

आमच्याकडे जंगलातल्या तळ्याकाठी तारूचं देऊळ आहे. वाघाशी झुंजताना मेलेला तो माणूस आदिवासींचा देव झाला, आणि ताडोबा हे नाव त्याच्यावरूनच आलं असं सांगतात. जिप्सीतल्या पाहुण्यांना गाइड ही गोष्ट सांगतो, तेव्हा कुणी विचारत नाही की हे तू आम्हाला का सांगतोस. ऐकतात, पटलं तर हात जोडतात, नाहीतर वाघ शोधायला लागतात. श्रद्धा सांगणं आणि ऐकणं इतकं सोपं असू शकतं. ही मोकळीक एकाला द्यायची आणि दुसऱ्याला नाही, हे मला पटत नाही.

टिळकांना हे कळलं होतं. तुकारामाच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते मानत. अभंग, ओवी, कीर्तन ही त्यांची भाषा. १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही शिष्यांसाठी. दोन वर्षांनी ते गेले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचं महाकाव्य जेमतेम दहा-अकरा अध्यायांवर थांबलं होतं.

उरलेले साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. ज्या बाईला नवऱ्याच्या बाप्तिस्म्याने वेड लागायची पाळी आली होती, तिने. ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचाल तेव्हा हसा जरूर. पण हसता हसता हेही विचारा, की या बाईने इतके अध्याय कुणासाठी लिहिले?