बंदूक आली कुठून?

२०१९ साली शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली, ती आज आपण तपासून बघू. परवान्याच्या बंदुका माणशी तीनऐवजी दोन. बेकायदा शस्त्रं बनवणाऱ्या-विकणाऱ्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा. ऐकायला भक्कम आहे. पण आमचा पहिला प्रश्न असा, की बंदूक मारणाऱ्याच्या हाती येते कुठून?

आपल्या नगर जिल्ह्यात पोलिस वारंवार पकडतात तो गावठी कट्टा. त्याला परवानाच नाही, मग तिनाच्या दोन केल्यानं त्याचं काय बिघडलं? निवडणुकीत परवान्याची शस्त्रं जमा करून घेतात. कट्टा कोण जमा करणार? केडगावात ७ एप्रिल २०१८ला, पोटनिवडणुकीच्या निकालादिवशीच, गोळीबार होऊन दोघांचा जीव गेला. शिक्षेचं कलम कट्ट्याला लागू पडतं, हे मान्य. पण मध्य प्रदेशातल्या उमर्टीसारख्या गावांतून येणारी वाट तपासानं बंद व्हायला हवी.

दहिसरला फेब्रुवारी २०२४मध्ये माजी नगरसेवकाचा खून झाला. पोलिसांच्या म्हणण्यानुसार पिस्तूल अंगरक्षकाचं, परवान्याचं होतं. तिथं प्रश्न बंदुका किती हा नव्हताच, ती ठेवली कुठे हा होता. ३१ जुलै २०२३ला जयपूर-मुंबई गाडीत चौघे मारले गेले. आरोपी रेल्वे सुरक्षा दलाचा जवान, शस्त्र सरकारी. तिथं परवान्याचा नियम काय करणार? तिथं पाहिजे ती शस्त्र देण्याआधीची मानसिक तपासणी.

म्हणून आम्ही म्हणतो, एकाच कलमानं तिन्ही वाटा बंद होत नाहीत. पुढचा प्रस्ताव आला की विचारा, यातली कुठली वाट बंद होते?