सोंग कोणाला परवडते?

१९८८ सालचा ‘अशी ही बनवाबनवी’ माझे नागपूरचे विद्यार्थी आजही पुन्हा पुन्हा पाहतात. विनोदाइतकीच त्यातली परीकथा त्यांना ओढते. पुण्यात घरमालकिणीला जोडपीच हवीत, म्हणून दोन मित्र साड्या नेसतात, खोली मिळवतात. सोंग उघडे पडते, तरी जोड्या जुळतात. मीही हसतो. पण इथे अडचण लग्नाची आहे, जातीची नाही.

माझ्या विद्यार्थ्यांना खोली शोधताना पहिला प्रश्न आडनावाचा येतो. १९१७ साली बडोद्यात बाबासाहेब पारशी नाव घेऊन पारशी धर्मशाळेत राहिले. ते उघडकीस येताच काठ्या घेतलेले लोक दारात आले.

सोंग उघडे पडूनही माफी मिळावी, ही इच्छा हा चित्रपट पुरवतो. म्हणून तो टिकला. ती माफी कोणाला मिळते, हे वर्गात विचारलेच पाहिजे.