आरोग्यविम्याची परिभाषा आणि कोलामी भाषक

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली प्रथम ८ जिल्ह्यांत सुरू झाली. यवतमाळ जिल्ह्यास तिचा लाभ २०१३ च्या नोव्हेंबरात मिळाला. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. कुटुंबामागे दीड लाख रुपयांचे संरक्षण ५ लाखांपर्यंत वाढविण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. योजनेच्या हेतूविषयी दुमत नाही. आक्षेप आहे तो तिच्या परिभाषेवर.

‘अंगीकृत रुग्णालय’ ही संज्ञा पाहावी. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ती निर्दोष आहे. परंतु रोग्याने कोणत्या दारी जावे, हे तिच्यातून उमगत नाही. ‘योजनेतला दवाखाना’ म्हटल्याने कोणती अर्थहानी होते? केळापूर वा झरी-जामणी तालुक्यांतील कोलाम पोडांवर ही अडचण दुणावते. कोलामी ही द्राविडी कुळातील भाषा. तिच्या भाषकाने मराठी शिकून घेतली, तरी ती बाजारातली मराठी. शासकीय पत्रकातली नव्हे.

साहाय्यार्थ ‘आरोग्यमित्र’ नेमलेला असतो, हे खरे. परंतु तो योजनेतल्या रुग्णालयातच भेटतो. भलत्याच दवाखान्यात जाऊन कर्जाने पैसे भरणाऱ्या कुटुंबास त्याचा काय उपयोग?

नुसत्या भाषांतराने हे साधणार नाही. दुर्बोध संज्ञा कोलामीतही दुर्बोधच राहील. आधी सुबोध मराठी, मग पोडावर कोलामीतून तोंडी निवेदन, हा क्रम हवा. एमेनो यांनी कोलामीचे व्याकरण १९५५ मध्ये ग्रंथबद्ध केले. त्या भाषेत आजाऱ्यास दवाखान्याची वाट सांगणे, हेही भाषाभ्यासकाचेच कार्य होय.