तिरकी 'रत्नागिरी', तिरकी 'दहीहंडी'

फॉण्टवर लिहायला बसलं की आपण आधी विशेषणं गोळा करतो. आधुनिक, जोमदार, गतिमान. ही विशेषणं तपासायची कशी, हे एका फॉण्टवर बघू. पॉपिन्स: इंडियन टाइप फाउंड्रीचा, देवनागरी निनाद काळे यांची, लॅटिन जॉनी पिनहॉर्न यांचं. नऊ वजनं, प्रत्येकाचं इटॅलिक, म्हणजे अठरा प्रकार. आपण घेऊ बोल्ड इटॅलिक.

याला 'सॅन्स-सेरिफ' म्हणतात, पण देवनागरीसाठी ही संज्ञाच उसनी. सेरिफ म्हणजे रोमन अक्षराच्या टोकाची बारीक पट्टी. आपल्याकडे ती नाही, आणि शिरोरेषा म्हणजे काही सेरिफ नव्हे. इथे अर्थ एवढाच, की बोरूच्या कापामुळे येणारा जाड-बारीक भेद जवळपास पुसलाय. 'इटॅलिक'सुद्धा बाहेरचंच. व्हेनिसच्या आल्दुस मानुतिउसनं १५०१ मध्ये व्हर्जिल छापला तो तिरक्या हस्ताक्षरावरून घडवलेल्या टाइपात. त्या तिरकेपणामागे लिहिण्याची एक रीत होती. पॉपिन्समध्ये वेगळी वळणं नाहीत, सरळ अक्षरंच कललेली आहेत.

आता कललं की नेमकं काय होतं? शिरोरेषा आडवीच राहते, झुकतात ते दंड. 'रत्नागिरी' टाइप करून बघा. 'न'चा एक, काना, पहिली वेलांटी, 'ग'चा एक, दुसरी वेलांटी: पाच दंड एकाच दिशेनं झुकतात आणि शब्द पळायला लागतो. आंब्याच्या पेटीवर किंवा ट्रॅव्हल्सच्या काचेवर हेच तर हवं असतं! मग 'दहीहंडी' टाइप करा. दंड दोनच, दोन्ही दुसऱ्या वेलांटीचे; बाकी सगळी गोल पोटं. शब्द पळत नाही, लवंडतो. फॉण्ट तोच, वजन तेच. म्हणजे 'गतिमान' हा गुण एकट्या फॉण्टचा नाही, त्यात लिहिलेल्या शब्दाचाही आहे. फॉण्टचे नमुने नेहमी सोयीच्या शब्दांत दाखवतात, हे वाचताना लक्षात असू द्या.

बोल्डबद्दल थोडक्यात: जाडी वाढली की 'क्ष', 'द्ध' यांच्या पोकळ्या बुजत जातात. फ्लेक्सवर खपतं, तळटिपेत नाही.

आणि प्रबंधात? पुस्तकाचं नाव इटॅलिक करायचं हा नियम आपण इंग्रजी शैलीपुस्तिकांतून उचलला. र. कृ. जोशींच्या 'मंगल'ला तर स्वतंत्र इटॅलिक नाहीच. बटण दाबलं की संगणक अक्षर नुसतं ढकलतो. बारा अंशांचा कल धरला, तर दहा मिलिमीटर उंचीवरची खूण दोन मिलिमीटर सरकते. रफार आणि अनुस्वार उजवीकडे, उकार डावीकडे. मराठीत नावांसाठी एकेरी अवतरणचिन्ह आहे ना! गाइडना विचारा आणि तेच वापरा.

पुढच्या वेळी एसटी स्टँडवर गाडीची वाट बघताना पाट्यांवरच्या नावांतले दंड मोजा. 'राजापूर'मध्ये चार, 'देवरुख'मध्ये दोन. त्यातलं कुठलं नाव तिरकं चालेल, ते आधी लिहून ठेवा, आणि मगच कॉम्प्युटरवर करून बघा.